क्लाइडसाठी लिहिलेली दोन पत्रं

वाचकहो, बसच्या चार टायरांच्या बदल्यात तुम्हाला कुणी दुसऱ्या गावाला देऊन टाकलं, तर तुम्ही त्याला शिव्या द्याल की त्याचे आभार मानाल?

उत्तराची घाई करू नका. मी घाई केली होती. ही हकीकत ऐकल्याबरोबर मी ताडकन उभा राहिलो आणि माझं डोकं तंबूच्या आडव्या बांबूवर आपटलं. ज्याला टायरांच्या बदल्यात दिलं होतं तो माणूस मात्र समोर बसून शांतपणे खजूर खात होता. त्याच्याविषयी आणि मी केलेल्या त्याच्या नुकसानीविषयी लिहायला बसलो आहे.

आधी मी तिकडे कशाला गेलो ते सांगतो. इचलकरंजीला आमचा छोटा छापखाना आहे. वडील मागकामगारांची पत्रकं छापतात आणि पैसे मागायला विसरतात. मी वाचायला शिकलो तो ओल्या शाईच्या ठरावांवर. गेल्या वर्षी कानावर आलं की इराणच्या आखातात, सात शेखांच्या किनाऱ्यावर, आपल्या कोकणातले शेकडो लोक मजुरीला गेले आहेत आणि त्यांना कुणी वाली नाही. मी ठरवलं की त्यांची कैफियत पुस्तिकारूपाने छापायची. चाळीस प्रश्नांचे दोनशे फॉर्म छापले, ट्रंकेत भरले आणि बोटीचं डेकचं तिकीट काढलं. बोटीवरचे दिवस सांगत नाही. उलट्यांची वर्णनं मराठीत आधीच पुरेशी आहेत.

दुबईची खाडी

दुबई म्हणजे एका खाडीचे दोन काठ. दोन्ही काठांवर वाऱ्यासाठी बांधलेले चौकोनी मनोरे, गलबतांची गर्दी, आणि मधे माणसांना इकडून तिकडे नेणाऱ्या बिनकठड्याच्या होड्या. मला घ्यायला सुलेमानभाई आले होते. हे बाणकोटचे. दहा वर्षांपूर्वी आमच्या छापखान्यात बाइंडिंग करायचे. आता उम्म अल कुवैनजवळ तेल शोधणाऱ्या एका कंपनीच्या छावणीत मुख्य खानसामा आहेत.

"मास्तर, वाढलास की रे!" त्यांनी मला मिठी मारली. "बापाचा छापखाना चालतोय की अजून फुकटच छापतो?"

"तत्त्वासाठी छापतो," मी म्हणालो.

"म्हणजे फुकटच. चल, यल्ला."

होडीत चढताना मी एका अरब म्हाताऱ्याला जागा देण्यासाठी मागे सरलो. मागे होडी संपली होती. मी वाचलो, ट्रंक वाचली नाही. फॉर्म खाडीभर पसरले. गलबतावरचे बलुची खलाशी ते वल्ह्यांनी ओढून काढू लागले. एकाने ओला कागद उन्हात धरला आणि सुलेमानभाईंना हिंदीत विचारलं, "इसमें क्या लिखा है?"

"लिखा है, तुम पे जुल्म हो रहा है," सुलेमानभाई म्हणाले.

"वो तो मालूम है," खलाशी म्हणाला आणि कागद पिळून परत दिला.

दोनशेपैकी साठ फॉर्म वाचले.

उम्म अल कुवैनकडे

वाट अशी नाहीच. ओहोटी असेल तर समुद्राच्या कडेने जायचं, भरती असेल तर आतून. आत खाऱ्या चिखलाची जमीन आहे. वरून पांढरी पापडी, खाली दलदल. आमची भाजीची लॉरी त्यात दोनदा रुतली. रुतली की सगळे खाली उतरतात, चाकातली हवा कमी करतात, फळ्या सरकवतात आणि कुणीही कुणावर ओरडत नाही. आपल्याकडे एसटी बंद पडली की आधी सरकारला, मग कंडक्टरला आणि शेवटी एकमेकांना बोलणी बसतात. इथे पठाण ड्रायव्हर म्हणाला, "इन्शाल्ला निकलेगी," आणि चहाचं भांडं काढलं. या वृत्तीविरुद्ध मी चहा पिता पिता बरंच बोललो. लॉरी निघाली.

छावणी म्हणजे एका मोठ्या वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी पंधरा-वीस तंबू, दोन पत्र्याच्या खोल्या आणि दूरवर विहीर खोदण्याचा लोखंडी मनोरा. एका बाजूला अमेरिकन आणि इंग्रज, दुसऱ्या बाजूला कोकणी, बलुची, पठाण. मधे सुलेमानभाईंचा भटारखाना. तिकडे डब्यातलं मांस, इकडे भात आणि सुरमईचं कालवण. पहिल्या रात्रीच मी दोन्हीकडचं चाखलं आणि शोषितांचं जेवण कितीतरी पटीने चांगलं असल्याची नोंद केली. ही नोंद पुस्तिकेत कुठे बसवावी ते मला अजून कळलेलं नाही.

फॉर्म कुणी भरले नाहीत. पण मी लिहिणारा आहे म्हटल्यावर माझ्या तंबूपुढे रांग लागली. पत्रं लिहून द्यायची होती. मंडणगडच्या अब्दुलने बायकोला पत्र सांगायला सुरुवात केली: "लिहा, तब्येत बरी आहे, आंब्याला मोहर आला का." मला ते फार फिकं वाटलं. मी सुरुवात केली, 'हे कष्टकरी भगिनी.' मी ते वाचून दाखवलं. सुलेमानभाई तंबूत डोकावले.

"मास्तर, बायकोला लिहितोयस की सभेला?"

अब्दुल हळूच म्हणाला, "भगिनी तेवढं काढा साहेब. बाकी ऱ्हाऊ दे."

मी 'भगिनी' काढलं. धडा घेतला नाही.

कांदे

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी टेकडीच्या बाजूला गेलो आणि जे पाहिलं त्याने माझं रक्त उसळलं. भटारखान्यामागे सुलेमानभाई भात ढवळायचा हातभर लांब लाकडी उलथणं घेऊन उभे होते. बाजूला कांद्याची टोपली. ते एक कांदा हवेत उडवत आणि उलथण्याने सणसणीत टोला हाणत. कांदा आकाशात. आणि दूर टेकडीच्या उतारावर एक उंच, लालबुंद झालेला अमेरिकन आमच्याकडे पाठ करून चढ चढत पळत होता. चढता चढता त्याने खांद्यावरून एकदाच मागे पाहिलं, हात वर केला आणि कांदा त्याच्या चामडी हातमोज्यात पडला. त्याने तो पिशवीत टाकला आणि हात हलवला. दुसरा टोला.

मी धावत गेलो. "सुलेमानभाई! हे मजुरांच्या तोंडचे कांदे आहेत!"

"अरे हो. तोंडातच जाणार आहेत. टोला खाल्लेला कांदा लवकर शिजतो."

"हा साहेब अन्नाशी खेळतो आणि तुम्ही त्याला साथ देता?"

"एक पण खाली पडत नाही, मास्तर. आमची बोली आहे. जो पडेल तो त्याने सोलायचा, आणि त्या रात्रीचे सगळेच सोलायचे." त्यांनी आणखी एक उडवला. "दोन वर्षं झाली. अजून सोललेला नाय."

टोपली संपल्यावर तो माणूस खाली आला. चाळिशीला टेकलेला, उजवा गुडघा जरा ओढत चालणारा. "थँक यू, सॉलोमन," म्हणाला. तो सुलेमानचं सॉलोमन करतो आणि सुलेमानभाईंची त्याला हरकत नाही. "पैगंबर एकच, उच्चार वेगळा," ते म्हणतात.

हा क्लाइड. मनोऱ्यावर लोखंडी नळ्या जोडण्याचं काम करतो. त्याआधी अकरा वर्षं तो पैसे घेऊन बेसबॉल खेळत होता.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विटीदांडू आणि क्रिकेट यांचा हा सातासमुद्रापलीकडचा चुलतभाऊ समजा. संघात नऊ जण. फटका मारणारा एक, आणि लांब उडालेला चेंडू झेलायला मैदानाच्या पार टोकाला उभे असलेले तिघे. क्लाइड या तिघांपैकी एक. तिथे मोठ्या शहरांतले नावाजलेले क्लब असतात, आणि त्यांच्या खाली लहान लहान गावांतले, पायऱ्यापायऱ्यांनी. खालच्या पायरीवरचा प्रत्येक पोरगा वर चढायला आलेला असतो. बहुतेक चढत नाहीत. क्लाइड अकरा वर्षांत सात गावांना खेळला.

माझं इंग्रजी पुस्तिकांमधून आलेलं आहे. निषेध, शोषण, एकजूट हे मला अस्खलित म्हणता येत होतं. मीठ इकडे द्या, हे येत नव्हतं. पण क्लाइड सावकाश बोलतो आणि मला ऐकून सगळं समजतं. तेव्हा रोज संध्याकाळी कांदे झेलून झाले की आम्ही तिघे भटारखान्याच्या तंबूत बसू लागलो.

"तुम्ही कधीही नोकरी सोडून दुसऱ्या क्लबात जाऊ शकत होता?" मी फॉर्मातला सातवा प्रश्न विचारला.

"नाही. एकदा सही केली की क्लब सांगेल तिथेच. वर्षानुवर्षं. क्लबला मात्र आम्हाला दुसऱ्याला देता येतं."

"म्हणजे विकता येतं!"

"विकता येतं, बदलता येतं. मला बदललं एकदा."

"कुणाच्या बदल्यात?"

"कुणाच्या नाही. चार टायर. बसचे."

इथे मी उठलो आणि बांबू लागला. डोकं चोळत मी विचारलं, "आणि तुम्ही गेलात?"

"गेलो ना. आमच्याच बसला ते टायर बसवले आणि त्याच बसने मला नव्या गावी सोडलं. फार छान प्रवास झाला. आधी ती बस दर वीस मैलांना बंद पडायची." त्याने खजुराची बी काढली. "टायर नवे होते," तो जरा अभिमानानेच म्हणाला.

सुलेमानभाई हसता हसता पिठाच्या पोत्यावर आडवे झाले. मी हसलो नाही. लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्या देशात माणूस कायद्याने बांधलेला राहतो आणि त्याचा मोबदला म्हणून रबर मिळतं, ही गोष्ट हसण्यासारखी आहे असं मला आजही वाटत नाही.

न्हाव्याची पाटी

टायरांनी त्याला ज्या गावी नेलं तिथे तो सर्वांत जास्त वर्षं राहिला. लाकडाच्या गिरणीचं डोंगराळ गाव. मैदान टेकडीला खेटून, त्यामुळे डावीकडचं टोक सपाट नाही, चढाचं. इतर गावांचे खेळाडू तिथे मागे पळताना तोंडघशी पडायचे. क्लाइड पडायचा नाही.

"पायांकडे बघायचं नाही," तो सांगे. "पाय आपोआप चढतात. बघितलं की पडलास. हे मला कुणी शिकवलं नाही, पहिल्या वर्षी दोन दात पाडून शिकलो."

त्या चढाच्या वरच्या कुंपणावर गावच्या न्हाव्याची मोठी पाटी होती. ज्याचा चेंडू पाटीला लागेल त्याचे वर्षभर केस फुकट. आता बाहेरगावचे फटकेबाज पाटी हेरून मारू लागले तर न्हाव्याचं दिवाळं निघणार. क्लाइड पाटीपुढे उडी मारून चेंडू झेलायचा. म्हणून दर शनिवारी न्हावी त्याला खुर्चीत बसवून दाढी करायचा, केस कापायचा आणि लिंबाचं सरबत पाजायचा. खाटीक कधी कधी सॉसेज द्यायचा. गिरणीवाल्याच्या आईने लोकरी मोजे विणले होते.

मी चकित झालो. हे तर आपलं बलुतं! न्हावी, खाटीक, सगळ्यांनी आपापला वाटा द्यायचा आणि याने सगळ्या गावाचा चेंडू झेलायचा. मी हे त्याला समजावून सांगितलं. आमच्याकडे या पद्धतीत किती अन्याय आहे तेही सांगितलं.

"असेल," क्लाइड म्हणाला. "सरबत चांगलं असायचं."

एकदा तो वर चढला होता. मोठ्या शहराच्या क्लबातला एक जण आजारी पडला म्हणून त्याला सोळा दिवसांसाठी बोलावलं. सोळाही दिवस तो बाकावर बसून होता. एकदा प्रशिक्षकाने त्याच्याकडे बोट दाखवलं. क्लाइड हातमोजा घालून उडी मारून उभा राहिला. प्रशिक्षकाला त्याच्या मागचं पाण्याचं पिंप हवं होतं.

"मग?" सुलेमानभाईंनी विचारलं. ही गोष्ट ते दहाव्यांदा ऐकत होते.

"मग मी पाणी दिलं."

मी पाहिलं की या वेळी सुलेमानभाई हसले नाहीत. त्यांनी उठून क्लाइडच्या ताटात भाकरी वाढली.

पत्र

आता मुद्द्यावर येतो. क्लाइडचा गुडघा संपत आला आहे. या मोसमानंतर मनोऱ्यावर घेणार नाही, असं त्याच्या मुकादमाने सांगितलं होतं. आणि त्याच सुमारास त्याला कळलं की त्या टेकडीच्या गावच्या क्लबात नव्या पोरांना शिकवायला माणूस हवा आहे. दोन वर्षं तो अशाच नोकरीची वाट बघत होता. दुसरं काही नको होतं. रोज संध्याकाळी तो वाळूचा चढ पाठमोरा चढत होता तो त्यासाठी, गावात गेल्यावर पोरांना करून दाखवता यावं म्हणून.

अर्ज लिहायला तो सहा वेळा बसला होता. 'डिअर सर'च्या पुढे 'मी चांगला पळत होतो' एवढंच लिहून होई आणि तो कागद चुरगळी.

"तू सगळ्यांची लिहितोस," तो मला म्हणाला. "माझं लिही. एक पान. शनिवारी सकाळी टपालाची गाडी जाते."

मी शुक्रवारची सगळी दुपार लिहिलं. सांगायला लाज वाटते, पण ते माझं आयुष्यातलं सर्वांत जोरदार लिखाण होतं. सुरुवात होती: 'महाशय, अकरा वर्षं तुम्ही या माणसाचे पाय खाल्लेत.' पुढे टायर, बेड्या, बाजार, जनावरं. शेवटी, 'तुमच्या दयेची नव्हे, हक्काची ही मागणी आहे.'

क्लाइडने ते ओठ हलवत, सावकाश वाचलं.

"हे माझ्याबद्दल आहे?"

"तुमच्या वर्गाबद्दल आहे."

"आम्ही नऊ जण होतो," तो म्हणाला. थोडा विचार करून त्याने विचारलं, "तो चढ घालता येईल का? आणि न्हावी?"

"तो तपशील आहे," मी म्हणालो. "तपशिलाने मुद्दा पातळ होतो."

क्लाइड सभ्य माणूस आहे. शिकलेल्या माणसाला जास्त कळतं अशी त्याची समजूत. त्याने सही केली, पाकीट चिकटवलं आणि शनिवारी पहाटे गाडीत दिलं.

शनिवार

सकाळी चहाबरोबर मी सुलेमानभाईंना पत्राचं मराठी करून ऐकवलं. शाबासकीच्या अपेक्षेने. त्यांनी कप खाली ठेवला.

"मास्तर, तू नोकरी मागतोयस की संपाची नोटीस देतोयस?"

"सत्य लिहिलंय."

"सत्य लिहिलंस, पण कलाइडसाब कुठे लिहिलास? यात माझा माणूसच नाय!" ते उभे राहिले. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "मी दोन वर्षं कांदे मारतोय ते कशासाठी? मालक हे वाचेल आणि चुलीत घालेल. खलास! त्याला दुसरं काय येत नाय रे बाबा. झेलता येतं."

मी युक्तिवादाला तोंड उघडलं. समोर टेकडीवर त्याच्या पावलांनी पडलेली वाट दिसत होती.

भाजीच्या लॉरीने आम्ही दुबईच्या टपाल कचेरीकडे निघालो. क्लाइड मनोऱ्यावर कामात होता, त्याला सांगायलाही थांबलो नाही. भरती होती, म्हणून आतल्या वाटेने गेलो, म्हणून रुतलो. ड्रायव्हरने चहाचं भांडं काढलं. "इन्शाल्ला—"

"इन्शाल्ला नाही, आत्ता!" मी ओरडलो आणि एकट्याने लॉरी ढकलायला गेलो. गुडघ्यापर्यंत चिखलात गेलो. मला बाहेर काढण्यात चहाइतकाच वेळ गेला.

टपाल कचेरीत खिडकीमागे राजापूरचे एक चष्मेवाले बाबू बसले होते. आमचं मराठी ऐकून खूश झाले. काम ऐकून नाही.

"पिशवीला सील लागलं. आता ती फोडता येत नाही."

"एक पाकीट काढायचंय हो. फक्त एक."

"तुम्ही काय करता?"

"लेखक आहे. कामगारांच्या हक्कांसाठी लिहितो."

"मग बघा," बाबू शांतपणे म्हणाले, "कामगाराने नियमाने केलेलं काम मोडा म्हणून तुम्हीच सांगायला लागलात, तर आम्ही जायचं कुठे?"

माझ्या तेवीस वर्षांच्या आयुष्यात माझंच तत्त्व कुणी इतकं अचूक माझ्यावर उलटवलं नव्हतं. सुलेमानभाई पुढे झाले. "भाईसाब, दुसरं पत्र याच विमानाने जाईल?"

"अर्ध्या तासात दिलंत तर. सुट्या टपालात टाकीन."

मी खाडीत भिजून वाळलेला एक फॉर्म काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागलो. इंग्रजी शब्दच येईनात. 'साम्राज्यवाद' येतो, 'चढ' येत नाही! सुलेमानभाई सांगत गेले, मी अडत गेलो, आणि बाबू खिडकीतून मान बाहेर काढून साधे शब्द पुरवत गेले. थोड्या वेळाने त्यांनी खिडकीला 'बंद'ची पाटीच लावली.

"पायांकडे बघायचं नाही हे घातलंत?" बाबूंनी विचारलं.

"घातलं."

"आणि न्हावी?"

"घालतोय."

"सरबत पण घाला. त्याशिवाय न्हावी खरा वाटणार नाही."

एक पान झालं. त्यात एकही विशेषण नव्हतं. सही कुणाची? क्लाइड तर छावणीत. शेवटी मी लिहिलं, 'क्लाइडच्या वतीने,' आणि माझं नाव. बाबूंनी तिकिटावर असा काही शिक्का हाणला की वाटलं, निकालच लागला.

संध्याकाळी मी क्लाइडला सगळं सांगितलं. मला माफी मागायची सवय नाही. मागायला लावायची आहे. तरी मागितली. कच्चा कागद त्याला दिला. त्याने तो ओठ हलवत वाचला. चढाच्या ओळीशी थांबला. परत वरून वाचला.

"हो," तो म्हणाला. "हे मीच." मग त्याने टोपलीकडे पाहिलं. "सॉलोमन, उजेड आहे अजून."

इचलकरंजी

मी परत आलो त्याला दोन महिने झाले. मजुरांची पुस्तिका लिहितो आहे. त्यात आता अब्दुलच्या आंब्याचा मोहर आहे आणि वडील म्हणतात, विषय भरकटला. म्हणू देत. तिकडच्या माणसांवर अन्याय होतोच, आणि तो मी लिहिणारच. पण ज्याच्यावर होतो तो माणूस आधी कागदावर दिसला पाहिजे, एवढं मला उम्म अल कुवैनच्या भटारखान्यात कळलं.

गेल्या आठवड्यात सुलेमानभाईंचं पाकीट आलं. आत क्लबच्या मालकाचं क्लाइडला आलेलं उत्तर होतं, मूळच. मी ते जसंच्या तसं मराठीत देतो:

'तुमच्या नावाने एकाच दिवशी दोन पत्रं आली. पहिल्यावर तुमची सही आहे आणि ते मला मारायला उठतं. दुसऱ्यावर सही कुणा भलत्याची आहे आणि ते वाचून मी माझ्या बायकोला बोलावून वाचून दाखवलं. क्लब मी दोन वर्षांपूर्वी विकत घेतला, मी या गावचा नाही. न्हावी वारला आहे. वहीत तुमचं नाव आहे, पण कचेरीत तुम्ही कुणालाच आठवत नाही. जागा वसंतापर्यंत रिकामी ठेवतो. हा माणूस कुणाला आठवत असेल तर त्यांनी मला तसं लिहावं. मग मी दुसरं पत्र खरं धरीन.'

खाली सुलेमानभाईंनी मोडीसारख्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या आहेत: 'मास्तर, कलाइडसाब बोलतो, आता कोण लिहिणार. कांदे चालू आहेत.'

कोण लिहिणार? मी त्यावर तीन रात्री विचार केला. क्लाइडसारख्या माणसांचं हेच होतं. त्यांना पाहणारे मरून जातात, मैदानं विकली जातात, आणि वहीत नुसतं नाव उरतं. पण मालकाचा प्रश्न नीट वाचा. 'कुणी पाहिला आहे का' असं त्याने विचारलेलं नाही. 'कुणाला आठवतो का' असं विचारलं आहे. वाचकहो, हे लिखाण इथवर वाचलंत ना? मग तुम्हाला तो आठवतो.

मालकाचा पत्ता मी संपादकांकडे ठेवला आहे. तो मागवा. परदेशी टपालाचं तिकीट महाग पडतं हे मला ठाऊक आहे, म्हणून चौघांनी मिळून एक पत्र पाठवलं तरी चालेल. मराठीत लिहिलंत तरी चालेल. तिथे कुणाला वाचता आलं नाही तरी एवढी पत्रं आली हे मोजता येईल. खोटं लिहू नका. तुम्ही त्या मैदानावर होता असं सांगू नका. आणि कृपा करून माझ्या पहिल्या पत्रासारखं लिहू नका. क्लाइडबद्दल जे तुमच्या मनात राहिलं असेल ते एक वाक्य लिहा, खाली स्वतःचं नाव आणि गाव लिहा, आणि वसंत उजाडायच्या आत पेटीत टाका.